डोळ्याचं निदान ओठातून

“डोळ्यांतून सारखं पाणी येतंय, मग डोळे कोरडे कसे?” हा प्रश्न रास्त वाटतो, पण गफलत इथेच होते. कोरडा डोळा चुरचुरतो आणि त्या चुरचुरीनेच पाण्याची धार लागते. डोळा ओला ठेवण्याचं रोजचं काम त्या पाण्याने होत नाही.

हे काम करणारी मुख्य अश्रुग्रंथी भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत असते. शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावरच उलटली की तिला सूज येते आणि हळूहळू ती आटते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी 1933 साली आपल्या प्रबंधात अशा 19 स्त्रियांची नोंद केली. त्यांतल्या 13 जणींना संधिवातही होता. म्हणजे तक्रार डोळ्याची असली, तरी आजार साऱ्या शरीराचा.

‘हे उतारवयाचं दुखणं’ हाही गैरसमजच. टेनिसपटू व्हीनस विल्यम्सने 2011 मध्ये आपल्याला हा ‘शोग्रेन’ आजार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ती 31 वर्षांची होती. बरीच वर्षं तिला थकवा जाणवत होता, निदान मात्र होत नव्हतं.

डोळ्याची तपासणी अगदी साधी असते. शिर्मर चाचणीत टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवतात. पाच मिनिटांत ओल 5 मिलिमीटरच्या पुढे सरकली नाही, तर शंका घ्यायची. पण फक्त शंकाच! अॅलर्जीच्या किंवा नैराश्याच्या गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात.

‘रक्त तपासलं, काही निघालं नाही, म्हणजे आजार नाही’ हा समज सगळ्यांत घातक. रक्तातली अँटी-रो प्रतिपिंडं अनेक रुग्णांत सापडतच नाहीत. 2016 चे आंतरराष्ट्रीय निकष संशोधनासाठी आखलेले असले, तरी त्यांचा हिशेब बोलका आहे. आजार ठरायला किमान 4 गुण लागतात. डोळ्यांच्या दोन चाचण्या आणि लाळेची एक, तिन्ही मिळून 3च होतात. प्रतिपिंडांना 3 गुण, आणि ओठाच्या बायोप्सीलाही 3.

ओठ कशाला? कारण तशीच सूज लाळग्रंथींनाही येते आणि खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला त्या सहज हाती लागतात. जागा बधिर करून चार-पाच बारीक ग्रंथी काढतात. 4 चौरस मिलिमीटर ऊतीत 50 किंवा जास्त लिम्फोसाइट पेशींचा एक तरी पुंजका दिसला, की पुरावा मिळाला.

दोन्ही पापण्या न दुखता सुजल्या असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे आयजीजी4 आजार, सारकॉइडोसिस, क्षयरोग, लिम्फोमा या सगळ्यांचा विचार करावा लागतो आणि तुकडा बहुधा अश्रुग्रंथीचाच घ्यावा लागतो. आयजीजी4 आजारात सूक्ष्मदर्शकाखाली चटईच्या विणीसारखे तंतू दिसतात. स्टिरॉइडने सूज झपाट्याने उतरते, म्हणून कित्येकांना निदान झाल्यासारखं वाटतं. पण त्याच गोळ्यांनी लिम्फोमाची गाठही काही काळ आकसते. त्यामुळे शक्य असेल तिथे बायोप्सी आधी आणि स्टिरॉइड नंतर.