लपणाऱ्या बिघाडाचा तपास

यंत्रातील जो दोष कायमचा असतो तो आज ना उद्या सापडतो, कारण तो आपल्या जागी स्थिर असतो आणि तपासणारा सवडीने त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. परंतु जो दोष गाडी तासभर धावल्यावर उद्भवतो, ऐन चढावर इंजिनाची शक्ती हिरावून घेतो, रस्त्याच्या कडेला काही वेळ थांबताच नाहीसा होतो आणि गॅरेजच्या आवारात मात्र कधीच प्रकट होत नाही, तो मालकाच्या सहनशीलतेची आणि मिस्त्रीच्या बुद्धीची एकाच वेळी परीक्षा पाहतो. अशा वेळी एकामागून एक सुटे भाग बदलत जाण्याचा मोह अनिवार होतो. खर्च वाढतो, दोष तसाच राहतो, आणि पुष्कळदा मूळ कारणावर नव्या सामानाचे आणखी एक आवरण चढते.

या तपासाची पद्धत समजून घेण्यासाठी इंग्लंडच्या एम.जी.बी. या स्पोर्ट्‌स कारचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. ॲबिंग्डन येथील कारखान्यातून 1962 ते 1980 या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतील बऱ्याच आजही रस्त्यावर आहेत. तिचे 1798 घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन ज्या बी-सीरीज घराण्यातले, त्याच घराण्यातले 1489 घन सेंटिमीटरचे इंजिन आपल्याकडील अँबॅसडर गाडीत दीर्घकाळ होते. त्यामुळे पॉइंट, कंडेन्सर आणि आपले मिस्त्री ज्याला ‘डेलको’ म्हणतात तो डिस्ट्रिब्यूटर ही मंडळी येथील जुन्या कारागिरांच्याही परिचयाची आहेत. या गाडीत संगणक नाही. झालेल्या बिघाडाची नोंद ठेवणारे कोणतेही दप्तर तिच्यात नाही. ते काम मालकानेच करावयाचे असते: इंजिन गरम होते की थंड, टाकी किती भरलेली होती, पाऊस होता काय, पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला होता की नुकताच उचललेला, हे सर्व त्याच दिवशी वहीत टिपले पाहिजे, कारण अशा चार-पाच नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की दोषाचा स्वभाव आपोआप उघड होऊ लागतो.

पहिला प्रश्न एकच: इंधन कमी पडते आहे, की ठिणगी? पेट्रोल आटत असेल तर शक्ती बहुधा हळूहळू मावळते, गाडी झटके खाते, आणि पाय सैल सोडला की थोडी सावरते. ठिणगी तुटली तर इंजिन कळ दाबून बंद केल्यासारखे तत्क्षणी मरते. येथे दोन साक्षीदार उपयोगी पडतात. पहिला म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा विद्युत काटा: गाडी गिअरमध्ये धावत असताना, म्हणजे इंजिन फिरत असतानाच, तो एकाएकी शून्यावर कोसळला तर कॉइलच्या प्राथमिक मंडलातील प्रवाह खंडित झाला असे समजावे. दुसरा साक्षीदार चोक: तो ओढला असता एस.यू. कार्ब्युरेटरमधून येणारे मिश्रण दाट होते, आणि त्यामुळे मरगळलेली गाडी पुन्हा जोम धरू लागली तर तिला पेट्रोलच अपुरे मिळत होते हे निश्चित.

इंधनाच्या बाजूस एस.यू.चा विद्युत पंप स्वतःच बोलका आहे. किल्ली फिरवताच तो टिकटिकतो आणि कार्ब्युरेटर भरले की शांत होतो. टिकटिक अविरत आणि घाईची असेल तर टाकी रिकामी आहे किंवा नळीच्या सांध्यातून हवा ओढली जात आहे. गाडी अडली असताना तो मुका असेल तर त्याचे पॉइंट जळाले आहेत, त्याची वायर किंवा अर्थिंग गंजले आहे, अथवा पुढचा मार्गच तुंबला आहे. टाकीला हवा मिळण्याची वाट बंद झाली तर आत निर्वात पोकळी साचत जाते. बिघाड झाल्याबरोबर झाकण उघडले, हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी पूर्ववत चालू लागली, तर आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुन्या रबरी नळ्या आतून सोलल्या जाऊन त्यांचे कण फिल्टरात अडकतात, म्हणून बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या नळीवरही विश्वास टाकू नये.

ठिणगीच्या बाजूचा सर्वांत लबाड दोष डेलकोच्या पोटात असतो. कमी-अधिक भारानुसार ठिणगीची वेळ पुढे-मागे करण्यासाठी पॉइंटची तबकडी इंजिनाच्या निर्वाताने सतत थोडी फिरत असते आणि तिच्याबरोबर दोन आखूड, लवचिक वायरी प्रत्येक वेळी वाकतात. वर्षानुवर्षांच्या या वाकण्याने आतील तांब्याचे तंतू तुटतात, वरचे आवरण मात्र अखंड राहते. तबकडी एका विशिष्ट कोनात आली की तुटलेली टोके विलग होतात, पाय उचलताच पुन्हा भेटतात, आणि उभ्या गाडीची तपासणी करणाऱ्याला सारे निर्दोष दिसते. कॉइल आणि कंडेन्सर यांचा स्वभाव निराळा: ते तापले की दगा देतात आणि निवले की पुन्हा प्रामाणिक होतात.

या दोन्ही शाखा जेथे एकत्र येतात ती जागा विसरता कामा नये. बहुतेक एम.जी.बी. गाड्यांत किल्लीच्या स्विचपासून निघणाऱ्या पांढऱ्या वायरीवरच कॉइल आणि पंप दोघेही अवलंबून असतात, आणि तिचे सांधे पितळी नळीत टोके खुपसून केलेले असतात. त्यांवर गंज चढला किंवा स्विच आतून झिजला की ठिणगी आणि पेट्रोल एकदमच डळमळतात. हे पकडण्यासाठी बारा व्होल्टचे दोन लहान दिवे घेऊन एक कॉइलच्या पुरवठ्याला आणि दुसरा पंपाच्या पुरवठ्याला जोडावा, दोन्ही गाडीत बसून दिसतील असे ठेवावेत आणि गाडी तिच्या आवडत्या चढावर न्यावी, तेव्हा दिवे पाहण्यासाठी सोबतीला एक जण असावा म्हणजे चालकाची नजर रस्त्यावरून हटणार नाही. बिघाडाच्या क्षणी दोन्ही मंदावले तर दोष सामाईक पुरवठ्यात, एकच मंदावला तर त्याच शाखेत, आणि दोन्ही तेजस्वी राहिले तर त्या दिव्यांच्या पलीकडे.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि चालता जुना भाग फेकून न देता डिकीत ठेवावा, कारण बाजारातला नवा कंडेन्सर निर्दोष असतोच असे नाही. दुरुस्तीनंतर गाडी आठवडाभर नीट चालली एवढ्यावर समाधान मानू नये. अधूनमधून उद्भवणारा दोष आठवडाभर स्वस्थ बसू शकतो. जी वायर संशयित होती ती पुन्हा जोडून पाहावी, आणि तीच लक्षणे, त्याच क्रमाने, आपल्या इच्छेनुसार परत आली तरच कारण सापडले असे म्हणावे. तोपर्यंत तपास मिटवू नये.