अंग पुसून बाहेर या

टोकियो : वर्ध्याच्या माणसाला जपान अगदीच परका नाही. निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ साली गांधीजींना भेटायला वर्ध्यात आले आणि सगळ्यांचे ‘फुजी गुरुजी’ झाले. त्यांचा मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत रुजला. गीताई मंदिराजवळचा विश्वशांती स्तूपही याच नात्याची खूण. तरीही शिकायला किंवा नोकरीला इथे आलेला वर्धेकर अडखळतो, तो सार्वजनिक न्हाणीघराच्या दारात.

अशा न्हाणीघराला ‘सेंतो’ म्हणतात. घरोघरी आंघोळीची सोय नव्हती, तेव्हा अख्खी गल्ली इथे यायची. १९६८च्या सुमारास देशभरात जवळपास १८ हजार सेंतो होते; आज दोन हजारही उरलेले नाहीत. आंघोळीचा कमाल दर प्रांताचे प्रशासन ठरवते. टोकियोत ऑगस्ट २०२४मध्ये तो मोठ्या माणसासाठी ५५० येन झाला.

पादत्राणे बाहेरच्या खणात ठेवायची. पुरुषांच्या दारावर बहुधा निळा पडदा, बायकांच्या दारावर लाल. पडद्याआड कपडे बदलण्याची खोली, ‘दात्सुइजो’. जुन्या सेंतोंमध्ये दोन्ही खोल्यांच्या मधोमध ‘बांदाई’ नावाचे उंच आसन असते, शेतातल्या मचाणासारखे. तिथे बसून मालक किंवा मालकीण दोन्हीकडचे पैसे घेते आणि गिऱ्हाइकांच्या सामानावर लक्ष ठेवते.

या खोलीत सगळे कपडे उतरवायचे. चड्डी घालून किंवा पोहण्याच्या कपड्यांत कुंडात उतरलेले चालत नाही. घाटावर टॉवेल गुंडाळून आतल्या आत कपडे बदलण्याची सवय असलेल्या आपल्या माणसाला हे फार जड जाते. मात्र आपल्याकडे कुणीच बघत नाही, हे त्याला थोड्याच वेळात जाणवते. न बघणे हा या खोलीचा पहिला शिष्टाचार आहे, आणि तो लहानपणापासून अंगी बाणवलेला असतो. त्याच कारणाने फोन बाहेर काढणे हा मोठा अपराध. मुलांनी आईबरोबर बायकांच्या बाजूला किती वयापर्यंत जावे, याचाही इथे विचार होतो. साधारण दहा वर्षांची ही मर्यादा आरोग्य मंत्रालयाने २०२०मध्ये सातवर आणली.

बाकीचे नियम पुढच्या माणसासाठी आहेत. कुंडात उतरण्याआधी बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, कारण कुंडातले पाणी सगळ्यांचे. लांब केस वर बांधायचे. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. आणि नवखा माणूस हमखास विसरतो तो नियम असा : खोलीत परतण्याआधी, आतच, पिळलेल्या पंचाने अंग पुसून घ्यायचे. लाकडी फरशी ओली राहिली तर मागून येणाऱ्या म्हाताऱ्याचा पाय घसरू शकतो. एवढ्या साध्या गोष्टीत दुसऱ्याची केवढी काळजी आहे!

याच शिष्टाचाराच्या नावाखाली अन्यायही झाला आहे, आणि तो वर्ध्याच्या वाचकांना सांगायलाच हवा. होक्काइदो बेटावरच्या ओतारू बंदरात रशियन खलाशी येत. ते दारू पिऊन येतात, नियम पाळत नाहीत, अशी तक्रार होती. तिथल्या ‘युनोहाना’ या न्हाणीघराने मग परदेशी दिसणाऱ्या सगळ्यांनाच दार बंद केले. अमेरिकेत जन्मलेला एक गृहस्थ रीतसर जपानी नागरिक झाला, तरी त्यालाही चेहऱ्यावरून परत पाठवले. त्याच्यासह तिघांनी दावा लावला. नोव्हेंबर २००२मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख येन भरपाई द्यायला लावली. जो नियम मोडेल त्याला समज द्या, ऐकले नाही तर बाहेर काढा. पण सरसकट परदेशी म्हणून अडवणे हा भेदभाव आहे, असा त्या निकालाचा आशय होता. विहिरी आणि मंदिरे खुली करण्यासाठी झगडलेल्या जिल्ह्याला हा निकाल वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आता अनेक सेंतोंच्या भिंतीवर चित्रांचे फलक असतात : आधी आंघोळ, केस वर, पंचा बाहेर, अंग पुसा. भाषा येत नसली तरी कळते. शंका असेल तर शेजारच्या आजोबांकडे बघावे. ते हाताने खूण करून दाखवतात. गोंदण असलेल्यांनी मात्र आधी चौकशी करावी, कारण काही ठिकाणी अजूनही प्रवेश मिळत नाही.