लावणी ते हाऊस, व्हाया कव्वाली

वरातीच्या डीजेपुढं फर्माईश कधी एका जातीची येत नाही. नवरदेवाच्या मित्रांना ‘झिंगाट’ हवं, मामाला लावणी, कुणाला भीमगीत, कुणाला कव्वाली आणि पुण्याला शिकणाऱ्या पोरांना ईडीएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नाचसंगीत. मोठ्या शहरांतल्या क्लबांत असा सरमिसळ सेट ऐकायला लोक तिकीट काढतात. परभणीच्या वसमत रोडवर तो रोजचा धंदा आहे.

गाणी निवडणं सोपं. कस लागतो तो एका गाण्यातून दुसऱ्यात जायच्या सांध्याला. ईडीएममधलं हाऊस संगीत मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोक्यांवर चालतं. 64 ठोक्यांची संथ कव्वाली 128च्या हाऊसवर दुप्पट मोजून बरोबर बसते. 100चं गाणं मात्र अडतं. ते हळूहळू चढवत न्यावं लागतं. पूर्वी तबकडीचा वेग वाढवला की गायकाचा आवाजही चिरका व्हायचा. आता लॅपटॉप वेग वाढवतो आणि सूर जागच्या जागी ठेवतो.

खरी मेख मात्रांत आहे. दादऱ्याच्या अंगाच्या गाण्यात प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे पडतात, हाऊसमध्ये दोन किंवा चार. दोन्ही एकावर एक घातली तर ठोका जुळतो, पण नाचणाऱ्याचा पाय घसरतो. मुरलेला ऑपरेटर अशा वेळी चाल, शब्द, टाळ्या सगळं काढून नुसता बेसचा ठोका ठेवतो. उघड्या ठोक्याला तीनही चालतात, चारही. त्या चार-आठ सेकंदांत गाणं बदलतं. 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्कनं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून गाण्यातला नुसता तालाचा तुकडा लांबवला, तेव्हाही नाचणारे त्या तुकड्याचीच वाट बघत होते.

ही सरमिसळ आपल्याला परकी नाहीच. प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची गाणी, भीमगीतं आणि कव्वाली एकाच गळ्यातून गायले. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 साली रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तेव्हा त्या रेकॉर्डला कुणी विचारलं नाही. 2010मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या अ‍ॅसिड हाऊस संगीतासारखंच, पण त्याच्या आधीचं हे काम बघून परदेशी जाणकार चाट पडले.

आपल्याकडं मात्र डीजेची पारख बेस किती, यावरच होते. छाती हादरली की सांधा कच्चा होता हे कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा 2000 सालचा नियम. मग पावणेदहाला राहिलेल्या सगळ्या फर्माइशी एकदम अंगावर येतात, आणि लावणीच्या मधोमध झिंगाट आदळतं.