रॅप कॉन्सर्टनंतर कानात शिट्टी वाजते? कानाला काय होते आणि काय करावे

रविवारी सकाळी परदेशात शिकणाऱ्या मुलाचा फोन येतो. "आई, कालची कॉन्सर्ट एकदम भारी झाली. पण कानाला दडे बसलेत आणि आत सारखी बारीक शिट्टी वाजतेय." आई म्हणते, कोमट तेल घाल. बाबा म्हणतात, झोप काढ, बरे वाटेल. यातला पहिला सल्ला चुकीचा आहे. दुसरा बहुतेक वेळा बरोबर ठरतो, पण नेहमीच नाही. त्यातला फरक कसा ओळखायचा आणि मुळात ही वेळ येऊ नये म्हणून काय करायचे, ते या लेखात पाहू.

दोन मुख्य कलाकार, एकच रात्र

युरोपातल्या मोठ्या बंदिस्त सभागृहांत, म्हणजे अरिनांमध्ये, दोन बडे रॅप कलाकार मिळून दौरा करतात. जे-झी आणि कान्ये वेस्ट यांचा 'वॉच द थ्रोन' दौरा २०१२ मध्ये लंडनच्या ओ-टू अरिनात आणि पॅरिसच्या बेर्सीत झाला. पॅरिसमध्ये तर त्यांनी एकच गाणे एका रात्रीत दहापेक्षा जास्त वेळा सादर केले. नॅस आणि वू-टँग क्लॅन यांचा एकत्र दौराही २०२३ मध्ये युरोपात गेला होता.

नेहमीच्या कॉन्सर्टमध्ये आधी एखादा नवखा कलाकार गातो. त्या वेळी अर्धे लोक बाहेर खात-पीत असतात, मुख्य कलाकार आला की आत येतात. दोघेही मुख्य असतील तर तसे होत नाही. पहिल्या गाण्यापासून सभागृह भरलेले, आवाज पूर्ण आणि कोणालाही बाहेर जायचे नसते. चाहत्यांसाठी ही पर्वणी असते, पण कानाला विश्रांतीच मिळत नाही.

कानाला इजा होते ती आवाज आणि वेळ या दोन्हींमुळे

औषधाचा डोस ठरवताना गोळी किती मिलिग्रॅमची आणि दिवसातून किती वेळा, हे दोन्ही पाहतात. आवाजाचेही तसेच आहे. कामाच्या जागी कर्मचाऱ्यांचे कान जपण्यासाठी अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी आहे:

- ८५ डेसिबल: दिवसाला ८ तास
- ८८ डेसिबल: ४ तास
- ९१ डेसिबल: २ तास
- ९४ डेसिबल: १ तास
- १०० डेसिबल: फक्त १५ मिनिटे

दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. मोठ्या कॉन्सर्टमध्ये सरासरी आवाज १०० डेसिबलच्या आसपास असणे नवलाचे नाही. अडीच तास तिथे उभे राहिलात तर दिवसभराच्या मर्यादेच्या दहापट डोस कानात जातो.

ही मर्यादा वर्षानुवर्षे रोज गोंगाटात काम करणाऱ्यांसाठी ठरवलेली आहे. त्यामुळे एका रात्रीत माणूस बहिरा होतो, असा याचा अर्थ नाही. मात्र असे डोस साठत जातात. कॉन्सर्ट, क्लब, रोजचे हेडफोन आणि गावी आल्यावर मिरवणुकीतला डीजे, या सगळ्यांची बेरीज त्याच दोन कानांत होते.

कानाच्या आत काय घडते?

आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांच्या टोकाचे तंतू हलतात आणि त्यातून तयार झालेला संदेश श्रवणतंतूमार्फत मेंदूकडे जातो.

शेतात उभ्या पिकावरून वारा गेला तर पीक वाकते आणि पुन्हा उभे राहते. वादळ झाले तर आडवे होते. काही दिवसांत त्यातले बरेच सावरते, पण मुळापासून उपटलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. केसपेशींचेही असेच आहे. थकलेल्या पेशी एक-दोन दिवसांत सावरतात, म्हणून दडे सुटतात. मेलेल्या केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. शिट्टीसारखा आवाज, म्हणजे कर्णनाद किंवा टिनिटस, हा या दुखापतीचा इशारा आहे.

पहिला घाव सहसा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांवर बसतो. त्यामुळे सुरुवातीला 'मला ऐकू येत नाही' असे वाटत नाही. स, श, च, फ अशी व्यंजने निसटू लागतात. शांत खोलीत सगळे कळते, पण हॉटेलच्या गोंगाटात समोरच्याला "काय म्हणालास?" असे दोनदा विचारावे लागते. प्राण्यांवरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली आहे. ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले काही सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. म्हणून 'दोन दिवसांत बरे झाले, म्हणजे काही झालेच नाही' असे समजू नका.

रॅपमधला बास वेगळा का?

रॅपचा कणा म्हणजे छातीत धडधडणारा बास. आवाज मोजण्याची जी नेहमीची पद्धत आहे, ती खालच्या स्वरांना कमी वजन देते, त्यामुळे मीटरवरच्या आकड्यात बास पुरता दिसत नाही. फ्रान्सने २०१७ च्या आदेशात यासाठी दोन वेगळ्या मर्यादा घातल्या. नेहमीच्या मोजमापात १५ मिनिटांची सरासरी १०२ डेसिबल आणि बासला पूर्ण वजन देणाऱ्या मोजमापात ११८ डेसिबल. प्रेक्षकांना मोफत इअरप्लग देणे आणि कानाला विश्रांती मिळेल अशी सोय करणेही तिथे आयोजकांवर बंधनकारक आहे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमात मर्यादा आणखी कमी, ९४ डेसिबल आहे.

जर्मनीत अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या आत ठेवण्याचे मानक आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १०० डेसिबलची शिफारस केली. तरीही नियम पाळून झालेल्या कॉन्सर्टमध्येही तुमच्या कानाचा दिवसाचा डोस पाव तासात संपू शकतो. पुढची जबाबदारी तुमची.

इअरप्लगने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि भरपूर पडतो. २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका संगीत महोत्सवात ५१ जणांवर अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाने इअरप्लग लावले, दुसऱ्याने नाही. सरासरी १०० डेसिबलच्या आवाजात साडेचार तास काढल्यावर प्लग न लावलेल्यांच्या ४२ टक्के कानांची श्रवणशक्ती तात्पुरती घटली होती. प्लग लावलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. कर्णनादही ४० टक्क्यांऐवजी १२ टक्के लोकांनाच झाला.

"प्लग लावला तर संगीताची मजाच जाते" ही तक्रार नेहमी ऐकू येते. स्वस्त फोमचे प्लग उंच स्वर जास्त दाबतात, म्हणून शब्द गढूळ वाटतात, हे खरे आहे. संगीतासाठी बनवलेले फिल्टरचे प्लग सगळे स्वर साधारण सारखेच कमी करतात, त्यामुळे रॅपचे शब्दही कळतात. नीट बसलेल्या प्लगने १५ डेसिबल कमी झाले तरी १०० चे ८५ होतात आणि १५ मिनिटांची मुदत ८ तासांवर जाते.

एक हिशेब मात्र लक्षात ठेवा. पहिला कलाकार होईपर्यंत कान उघडे आणि दुसऱ्याच्या वेळी प्लग, असे केलेत तर निम्मा डोस आधीच गेलेला असतो. म्हणजे फायदा झाला फक्त ३ डेसिबलचा. प्लग सभागृहात शिरतानाच लावा आणि बाहेर पडल्यावरच काढा.

जाण्यापूर्वी आणि तिथे असताना

- फोमचा प्लग बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट धरून ठेवा.
- कापसाचे बोळे किंवा टिश्यू पेपर उपयोगाचे नाहीत.
- स्पीकरच्या अगदी जवळ किंवा पुढच्या कठड्याला उभे राहू नका.
- दोन कलाकारांच्या मधल्या वेळेत १०-१५ मिनिटे बाहेर शांत जागी जा.
- लहान मुलांना नेणार असाल तर कानावर बसणारे इअरमफ वापरा.
- आधीपासून कर्णनाद असेल, किंवा अमिकॅसिन, सिस्प्लॅटिनसारखी कानावर परिणाम करणारी औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्या दिवशी काय करावे?

कानाला विश्रांती द्या. दोन दिवस हेडफोन, क्लब, जिममधले मोठे संगीत टाळा. कानात तेल, थेंब, काडी काहीही घालू नका. इजा पडद्याच्या पलीकडे, आंतरकर्णात झालेली असते. तेल तिथे पोहोचत नाही, आणि पडद्याला छिद्र असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

दडे आणि शिट्टी साधारण एक-दोन दिवसांत कमी होत जाऊन थांबायला हवी. ४८ तासांनंतरही त्रास राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या.

थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा

- एका कानाने अचानक खूप कमी ऐकू येऊ लागले
- भोवळ येते, खोली फिरल्यासारखी वाटते
- कानातून रक्त किंवा पाणी येते, किंवा तीव्र वेदना आहेत

अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचे उपचार असतात. ते जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या काही दिवसांत सुरू होतील, तितका उपयोग होण्याची शक्यता जास्त. 'सर्दीमुळे असेल' म्हणून दोन-तीन आठवडे काढले की ती संधी हातची जाते. मुले ब्रिटनमध्ये असतील तर एनएचएसच्या १११ वर आणि जर्मनीत असतील तर ११६११७ वर फोन करून सल्ला घेता येतो.

तेव्हा तो रविवारचा फोन आला तर घाबरू नका आणि रागावूही नका. तीन प्रश्न विचारा: दोन्ही कानांनी सारखेच ऐकू येते का? भोवळ येते का? शिट्टी काल रात्रीपेक्षा कमी झाली आहे का? उत्तरे समाधानकारक असतील तर दोन दिवस वाट पाहा. नसतील तर त्याला आजच डॉक्टरकडे पाठवा. आणि पुढच्या कॉन्सर्टचे तिकीट काढताना त्याच दिवशी इअरप्लगही घ्यायला सांगा.