हवेची गाडी स्प्रिंगवर आणताना

जुनी मोठी गाडी घेण्याचा शौक आपल्या व्यापारी मंडळींत वाढला आहे. नवी असताना पन्नास-साठ लाखांना गेलेली गाडी आठ-दहा वर्षांनी दहा-बारा लाखांत मिळते आणि सौदा स्वस्तात झाला असे वाटते. मीही २०२१ साली अशीच एक गाडी घेतली, २०१२ च्या बनावटीची. दोन वर्षे ती उत्तम चालली. मग एके दिवशी सकाळी पाहतो तर रात्री सरळ उभी केलेली गाडी पुढच्या डाव्या चाकावर बसलेली. मडगार्ड टायरला टेकलेले. चावी फिरवली तसा घुर्र आवाज झाला, गाडी हळूहळू वर आली आणि मी कामाला निघून गेलो. ही माझी पहिली चूक.

मी कापडाच्या धंद्यातला माणूस. यंत्राची माहिती लूमपुरती. पण या एका दुखण्यावर मी दोनदा पैसे घातले. आपल्यापैकी अनेकांकडे अशा गाड्या आहेत आणि त्या दुरुस्त करणारे कारागीरही पुष्कळ आहेत, म्हणून दोघांच्याही उपयोगी पडेल अशी ही हकिकत लिहीत आहे. गाडीचे नाव देत नाही, कारण हे दुखणे कोणा एका कंपनीचे नाही.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. साध्या मोटारीत चाक आणि बॉडी यांच्यामध्ये पोलादी स्प्रिंग असते. महागड्या गाडीत तिच्या जागी रबराचा फुगा असतो. गॅरेजवाले त्याला बेलो किंवा एअर बॅग म्हणतात. टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो, तर या फुग्यात शंभर पौंडांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त दाब असतो. हवा भरायला विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, हवेतील ओल शोषणारा ड्रायर, कोणत्या चाकाला किती हवा जावी हे ठरवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, गाडीची उंची मोजणारे सेन्सर आणि या सर्वांवर हुकूम चालवणारा एक संगणक, असा हा सगळा संसार आहे. मागे माल भरला की मागच्या फुग्यांत हवा वाढते आणि गाडी पुन्हा सपाट होते. खराब रस्त्यावर बटण दाबून ती उंच करता येते, काही गाड्या चढण्या-उतरण्यासाठी खालीही बसतात. व्हॉल्व्होच्या बसमध्ये ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हवेचे सुख माहीत आहे.

हे सुख जितके जुने, तितकीच त्याची तक्रारही जुनी आहे. अमेरिकेत १९५७ साली कॅडिलॅकने एल्डोराडो ब्रूम ही गाडी चारही चाकांना हवेचे फुगे लावून काढली. किंमत तेरा हजार डॉलरच्या वर, म्हणजे त्या काळी भल्याभल्यांच्या आवाक्याबाहेरची. हवा गळू लागली आणि पुष्कळ मालकांनी फुगे काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. पुढे १९८४ मध्ये लिंकन मार्क सेव्हनमध्ये आणि १९९२ मध्ये इंग्लंडच्या रेंज रोव्हरमध्ये संगणकावर चालणारी हवा आली. त्या गाड्या जुन्या झाल्यावर तिकडे स्प्रिंगांचे तयार संच विकणारा वेगळा धंदाच उभा राहिला. तेव्हा हवा काढून स्प्रिंग घालणे हा आपल्याकडचा जुगाड नव्हे. श्रीमंत देशांतही लोक हेच करतात. फरक एवढाच की ते कसे करतात आणि आपण कसे करतो.

फुगा खराब का होतो? रबर आहे, त्याला वय आहे. गाडी वर-खाली होताना त्याची घडी सतत उलगडते व मिटते, त्या घडीत धूळ बसते आणि तेथेच बारीक भेगा पडतात. आमच्या मालेगावसारख्या ठिकाणचा उन्हाळा त्यात भर घालतो. एक बारीक भेग म्हणजे फार मोठा बिघाड नव्हे. पण गळणारी हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर दिवसभर चालत राहतो. तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. एक तर त्याचा रिले चिकटतो, नाही तर मोटार जळते. माझे हेच झाले. सकाळचा घुर्र आवाज मी दोन महिने ऐकून सोडून दिला. पहिल्या आठवड्यात एक फुगा बदलला असता तर तेवढ्यावर भागले असते. दोन महिन्यांनी कॉम्प्रेसरही गेला आणि कंपनीच्या वर्कशॉपने पुढचे दोन्ही फुगे, कॉम्प्रेसर व व्हॉल्व्ह ब्लॉक मिळून चार लाख पंच्याहत्तर हजारांचा अंदाज हातात दिला. पुढचा फुगा शॉकअॅब्झॉर्बरसह अखंड येतो, म्हणून किंमत एवढी.

म्हणून सांगतो की, स्प्रिंगचा विचार करण्याआधी गळती कोठे आहे ते शोधा. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रात्री चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून वहीत लिहा. मग सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा, नाही तर गाडी बंद असतानाही संगणक रात्री उंची सारखी करतो आणि चोर सापडत नाही. सकाळी पुन्हा मोजा. एकच कोपरा बसला असेल तर बहुधा त्याच फुग्यात किंवा त्याच्या नळीत दोष आहे. जोडीची दोन चाके किंवा सगळी गाडीच सारखी बसली तर व्हॉल्व्ह ब्लॉक संशयित. नंतर साबणाचे पाणी ब्रशने फुग्याच्या घडीवर आणि नळीच्या जोडावर लावा, गळती असेल तेथे बुडबुडे येतील. कधी कधी दोष फक्त नळीच्या टोकाचा असतो. ते टोक ब्लेडने सरळ कापून पुन्हा बसवले की काम झाले. अशा किरकोळ गळतीसाठी सगळी हवेची व्यवस्था उपटून टाकणे म्हणजे ताग्याला एक डाग पडला म्हणून सगळी गाठ भंगारात देणे होय.

माझ्या गाडीत मात्र फुगा फाटलेला, कॉम्प्रेसर जळालेला आणि दुसरा फुगाही भेगाळलेला निघाला. गाडीचे वय अकरा वर्षे. बाजारातील तिच्या किमतीच्या निम्मी रक्कम दुरुस्तीवर घालणे कोणत्याही हिशेबात बसत नव्हते. स्प्रिंगचा निर्णय बरोबर होता. तो अमलात कसा आणला, तेथे मी फसलो.

भाच्याच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने अडतीस हजारांत काम करून दिले. दुसऱ्याच एका जीपच्या स्प्रिंगा घेतल्या, कारण त्यांचा घेर जुळत होता. फुगा कापून काढला आणि जुन्याच शॉकअॅब्झॉर्बरच्या नळीवर लोखंडी बशी वेल्डिंग करून त्यावर स्प्रिंग बसवली. डॅशबोर्डवरचा दिवा लागू नये म्हणून त्याची वायर कापली. गाडी उभी राहिली, पण पुढून दोन इंच उंच. चार हजार किलोमीटरमध्ये पुढच्या टायरांची आतली कड खाऊन गेली. पावसाळ्यात माल घेऊन मुंबईला जाताना कसारा घाटाच्या उतारावर गाडी प्रत्येक वळणाला उसळी मारू लागली. मुलगा चालवत होता, मी शेजारी. त्या वीस मिनिटांत मी काय काय आठवले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

मुंबईत कुर्ल्याला एका जाणत्या उस्तादांना गाडी दाखवली. त्यांनी चाक काढून, काही न बोलता बॅटरीचा उजेड त्या वेल्डिंगवर धरला. बशीच्या निम्म्या घेराला तडा गेला होता. ती निसटली असती तर स्प्रिंग सरळ टायरमध्ये घुसली असती. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने शॉकअॅब्झॉर्बरचे सील जळून तेल उतरले होते, म्हणून गाडी उसळत होती. "सेठ," ते म्हणाले, "स्प्रिंग तोलून घ्यायची असते, दिसण्यावर नाही."

याचा अर्थ त्यांनी मला कागदावर समजावला, आणि कारागीर बांधवांसाठी तो सविस्तर देतो. स्प्रिंगचा कडकपणा तीन गोष्टींवर अवलंबून असतो : तारेची जाडी, वेटोळ्याचा घेर आणि वेढ्यांची संख्या. यात जाडीचा प्रभाव सर्वांत मोठा. तार तेरा मिलिमीटरऐवजी चौदाची घेतली आणि बाकी सर्व तेच ठेवले, तर स्प्रिंग सुमारे पस्तीस टक्के कडक होते. एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, पण गाडीला कळते. सुताच्या काउंटचे तसेच आहे, तीसचे आणि चाळीसचे सूत नवख्याला सारखेच वाटते. घेर वाढला तर स्प्रिंग नरम पडते, वेढे कमी झाले तर कडक होते. कामाचे आठ वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की ती आखूड तर होतेच, पण चौदा टक्के कडकही होते. गाडी खाली घेण्यासाठी स्प्रिंग कापणारे किंवा गॅसने तापवून दाबणारे कारागीर हे लक्षात घेत नाहीत. तापवल्याने तर पोलादाचे पाणीच उतरते आणि पुढे ती स्प्रिंग बसते किंवा तुटते.

आता तोलण्याविषयी. गाडी धर्मकाट्यावर न्या, आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, मग फक्त मागची. माझ्या गाडीचे पुढचे वजन बाराशे किलो भरले, म्हणजे एका चाकावर सहाशे. त्यातून चाक, ब्रेक वगैरे स्प्रिंगच्या खालचे साठ किलो वजा केले, उरले पाचशे चाळीस. एक मिलिमीटर दबायला पाच किलो लागतात अशी स्प्रिंग घेतली तर ती या वजनाखाली एकशे आठ मिलिमीटर दबेल. आणखी शंभर किलो चढले की आणखी वीस. मागच्या बाजूला स्प्रिंग बहुधा चाकाच्या आत, आर्मवर बसते, तेथे तिच्यावर चाकापेक्षा जास्त भार येतो. तो हिशेब वेगळा करावा लागतो.

पण उस्तादांनी स्वतः हा हिशेब करून स्प्रिंग वळून घेतली नाही. त्यांनी याहून सोपा आणि पक्का मार्ग काढला. पुष्कळ गाड्या एकाच कारखान्यातून दोन प्रकारांत निघतात, महाग प्रकार हवेवर आणि स्वस्त प्रकार स्प्रिंगवर. चॅसिस नंबरावरून माझ्या गाडीच्या स्प्रिंगवाल्या भावाचे पार्ट नंबर काढले आणि शॉकअॅब्झॉर्बर, स्प्रिंग, वरचे माउंटिंग, रबरी स्टॉपर असा पूर्ण संच मागवला. एकाच मॉडेलमध्येही इंजिनाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंगा वेगळ्या असतात, त्यांच्यावर रंगाचे ठिपके असतात. डिझेल गाडीला पेट्रोलची स्प्रिंग लावली तर नाक खाली जाते. मागचे फुगेही याच वेळी काढले, कारण निम्मी गाडी हवेवर आणि निम्मी स्प्रिंगवर ठेवली तर संगणक गोंधळतो. सर्व मिळून एक लाख बासष्ट हजार लागले. पहिले अडतीस हजार पाण्यात गेले ते वेगळेच.

काम करताना एक धोका आहे, तो मालकांपेक्षा कारागिरांच्या जिवाचा आहे. फुग्यावर उभी गाडी नुसत्या जॅकवर घेऊन कोणी खाली शिरू नये. हवा सुटली की बॉडी क्षणात खाली येते. आधी यंत्रणेतील हवा पूर्ण सोडावी, बॅटरीची वायर काढावी आणि गाडी लोखंडी स्टँडवर टेकवावी, मगच नळीला पाना लावावा. तसेच दबलेली स्प्रिंग सोडताना तिच्यासाठीचाच पक्का शिकंजा वापरावा. उस्तादांच्या हाताखालचा पोरगा साध्या तारेने बांधून स्प्रिंग सोडू पाहत होता, त्यांनी त्याला तेथून उठवले आणि अर्धा तास काम थांबवले.

विजेच्या बाजूचेही दोन शब्द. दिव्याची वायर कापणे हा सर्वांत वाईट उपाय. पुढे खरा बिघाड झाला तरी दिवा लागणार नाही. माझ्या गाडीच्या संगणकात हवेची व्यवस्था रीतसर बंद करून घेतली. काही गाड्यांत तसे होत नाही, तेथे संगणकाला 'सर्व ठीक' असा इशारा देणारा छोटा डबा लावतात. उंचीचे सेन्सर मात्र काढून फेकू नयेत. अनेक गाड्यांत हेडलाइटची पातळी त्यांच्यावरच ठरते आणि ते काढले तर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

कागदपत्रांबाबत : मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ असे सांगते की नोंदणीत दिलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे लावले. नोंदणी पुस्तकात स्प्रिंगचा उल्लेख नसतो. तरीही मी आरटीओत विचारणा केली, विमा कंपनीला पत्र दिले आणि पोच घेतली. पक्के बिल जपून ठेवले आहे. उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला ते दाखवीन. मला विकणाऱ्याने फुग्याचा ऐब सांगितला नव्हता.

काय गमावले, तेही सांगितले पाहिजे. मागे कापडाच्या गाठी भरल्या की गाडी आता मागून बसते. हवा होती तेव्हा सपाट राहत असे. रिकामी असताना खड्डे पूर्वीपेक्षा जाणवतात. उंची वाढवण्याचे बटण निकामी झाले. आणि अम्मींचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी गाडी दाराशी खाली बसत असे, ते आता होत नाही. डिकीत एक लाकडी पाट ठेवला आहे.

स्प्रिंगा बसवल्यानंतर अलायनमेंट केले, हजार किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळून अलायनमेंट दुसऱ्यांदा करून घेतले, कारण नवी स्प्रिंग थोडी बसतेच. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चारही चाकांवरची उंची मी अजूनही त्याच वहीत लिहितो. आठ महिन्यांत पुढची तीन मिलिमीटर उतरली आहे, मागची तशीच आहे.