गिअर ऑइल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंजिन ऑइल वेळेवर बदलायचं असतं, हे नवख्या चालकालाही माहीत असतं. गिअरबॉक्समधल्या तेलाचा विषय मात्र गिअर कडक पडायला लागल्यावरच निघतो. छोट्या गाडीत हे तेल साधारण दोन लिटर लागतं. पण गिअर, बेअरिंग आणि सिंक्रो रिंगा यांचं आयुष्य त्याच्यावर अवलंबून असतं. म्हणूनच या तेलाबद्दलच्या ऐकीव गोष्टी तपासून घेतल्या पाहिजेत.

गैरसमज : इंजिन ऑइल बदललं की गिअरबॉक्सचंही तेल बदलतं.

वस्तुस्थिती : हा समज दुचाकीवरून येतो. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात चालतात. १९५९ च्या मूळ ब्रिटिश मिनी मोटारीतही इंजिन आणि गिअर एकाच तेलात चालत. आजच्या छोट्या मोटारींत मात्र गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं आणि ते काढायचा प्लगही वेगळा असतो. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ते आपोआप बदललं जात नाही. बिलात गिअर ऑइलची वेगळी नोंद नसेल, तर ते बदललेलं नाही असंच धरा.

गैरसमज : हे तेल आयुष्यभर चालतं.

वस्तुस्थिती : ते इंजिन ऑइलसारखं लवकर काळं पडत नाही, एवढंच खरं. उष्णतेने त्यातली रसायनं कमजोर होतात आणि धातूची बारीक पूड त्यात साचत जाते. मॅन्युअल गिअरबॉक्सला सहसा फिल्टर नसतो, म्हणून ती पूड आतच फिरत राहते. तेल काढताना ड्रेन प्लगकडे नीट पाहा. बऱ्याच प्लगांना लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी मलमासारखा थर दिसला तर ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे कण किंवा दात तुटल्याचे तुकडे दिसले, तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. बदलाची मुदत गाडीनुसार ठरते. मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी ती अनेकदा ४० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान असते. रोज घाट चढणाऱ्या किंवा शहरातल्या कोंडीत रांगणाऱ्या गाडीने अलीकडची मुदत पाळावी.

गैरसमज : तेल थोडंफार कमी होणारच, वरून टाकलं की झालं.

वस्तुस्थिती : गिअरबॉक्समध्ये तेल जळत नाही. पातळी उतरली म्हणजे कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा ड्राइव्हशाफ्टचं ऑइल सील किंवा ड्रेन प्लगचा जुना वॉशर याला कारण असतो. बहुतेक मॅन्युअल गाड्यांना गिअर ऑइलची डिपस्टिक नसते. गाडी लिफ्टवर सपाट घेऊन बाजूचा फिलर प्लग उघडतात. तेल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असलं की पातळी बरोबर. तेल बदलतानाही आधी फिलर प्लग सुटतोय याची खात्री करा आणि मगच ड्रेन प्लग खोला. नाहीतर तेल निघून जातं, वरचा प्लग हलत नाही आणि गाडी तिथेच अडकते.

गैरसमज : जीएल-५ दर्जाचं तेल जीएल-४ पेक्षा वरचं, म्हणून तेच टाकावं.

वस्तुस्थिती : आकडा मोठा म्हणून तेल आपल्या गाडीला चांगलं, असं होत नाही. जीएल-५ मध्ये गंधक-स्फुरदाची दाबरोधक रसायनं जास्त असतात. ती डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरसाठी असतात. सिंक्रो रिंगेला थोडं घर्षण लागतं. जास्त निसरड्या तेलात गिअर पडताना करकर होते, आणि काही रसायनं पितळी रिंगा खातात. पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल, तर जीएल-४ च टाका. ७५डब्ल्यू-९० हा आकडा पाहून तेल फार जाड असेल असंही समजू नका. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. तापल्यावर हे तेल इंजिनच्या ४० ग्रेडच्या आसपासच असतं.

गैरसमज : क्लच पेडल नाही, म्हणजे लाल एटीएफच (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागणार.

वस्तुस्थिती : २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) भारतातल्या छोट्या गाड्यांत आली. तिचा गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. त्यामुळे तिला मॅन्युअलचंच गिअर ऑइल लागतं. काही गाड्यांत हलवणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक तेल वेगळं असतं. सीव्हीटीला तिचं खास तेल लागतं, टॉर्क कन्व्हर्टरला एटीएफ. रंगावरून ओळखायला जाऊ नका, तो कंपनीने मिसळलेला असतो.

गैरसमज : ऑटोमॅटिकचं जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो.

वस्तुस्थिती : अशा तक्रारींत बहुतेक वेळा गिअरबॉक्स आधीच घसरायला लागलेला असतो आणि तेल बदलणं हा शेवटचा उपाय म्हणून केलेला असतो. आतल्या क्लच प्लेटा झिजल्यावर नवं तेल त्यांना वाचवू शकत नाही. पातळी तपासण्याची रीत मात्र कडकपणे पाळा. काही गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून पाहतात, काहींत बंद करून. काहींत ठरावीक तापमानालाच.

गैरसमज : पुरात इंजिन सुरू केलं नाही, म्हणजे गाडी वाचली.

वस्तुस्थिती : गिअरबॉक्सला हवा जाण्यासाठी ब्रीदर असतो आणि बुडालेल्या गाडीत तिथून पाणी आत शिरू शकतं. जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चं चिपळूण इथे असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय हे नक्की. अशी गाडी टोचन करून न्या आणि इंजिन ऑइलबरोबर गिअर ऑइलही तपासून घ्या.

पुढच्या सर्व्हिसिंगआधी गाडीची पुस्तिका काढा. त्यातलं तेलाचं नाव, ग्रेड आणि मुदत कागदावर लिहून सर्व्हिस अॅडव्हायझरच्या हातात द्या आणि जॉबकार्डवर तसं लिहून घ्या. नवा गिअरबॉक्स किंवा त्याची दुरुस्ती यांच्या खर्चापुढे दोन लिटर तेलाची किंमत फारच थोडी आहे.