मोटार फिरली नाही, मुलं अडली, तुम्ही थांबा

मुलांसाठी विज्ञान कार्यशाळा सुरू करताय? मग सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि इनॅमलच्या तांब्याच्या तारेची मोटार घ्याच. सहावीतल्या मुलांची पहिल्या फटक्यात फिरत नाही. तारेच्या एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. मुलं दोन्ही पूर्ण खरवडतात. मग अर्ध्या फेरीत करंट तुटत नाही, कॉइल उलटी ढकलली जाते आणि नुसती डुलत राहते. (थांबलेली कॉइल लगेच काढा, सेल तापतो.)

दारात पालक उभे असले की आपले हात शिवशिवतात, माहितीये! मीही एकदा सगळ्या मोटारी स्वतःच लावून दिल्या. पालक खूश. पुढच्या रविवारी विचारलं, ही का फिरते? एकालाही सांगता येईना. आता तार जास्तीची आणतो, बॅच दोन तासांची ठेवतो आणि फी सामानावर नाही, त्या दोन तासांवर लावतो.